एपीची यादी, बाबांचं एक्सेल आणि तुझं व्हायोलिन

अगं,

तुझा मेसेज परवा रात्रीच बघितला, पण उत्तर फोनवर अंगठ्याने टाइप करण्यासारखं नव्हतं म्हणून आज जेवणं आटपून निवांत लॅपटॉप उघडलाय. आणि मराठीतच लिहितेय बरं का, तू ठाण्याहून सातवीत इकडे आलीस तेव्हा आमच्या थोरल्यापेक्षा तुझं मराठी कितीतरी चांगलं होतं, ते गंजू देऊ नकोस.

तर ज्युनिअर इयरचा, म्हणजे अकरावीच्या विषयांचा, फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय, बाबांनी एक्सेल केलंय आणि त्यात पाच एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स, हिरव्या रंगात आहेत. कॅल्क्युलस बीसी, फिजिक्स १, एपुश (अमेरिकेचा इतिहास), लँग (इंग्लिश भाषा आणि निबंध), आणि ऑर्केस्ट्रा काढून तिथे सायकॉलॉजी. तुझा प्रश्न आहे की बीसी घेऊ की एबी. मला विचारशील तर तो या यादीतला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, पण त्याच्याकडे येते.

आधी माझी गोष्ट ऐक. मी बारावीला बायफोकलला, म्हणजे त्या व्यावसायिक विषयांत, इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं. आईला विचार, तिला माहितीये हा प्रकार. २०० मार्कांचा विषय, १०० थिअरी आणि १०० प्रॅक्टिकल, तो घेतला की सेकंड लँग्वेज आणि बायो दोन्ही सुटायचं. "स्कोअरिंग आहे" या एका शब्दावर आमच्या बॅचमधली कितीतरी मुलं तिकडे पळाली, मीही पळाले, मला मराठी मनापासून आवडायचं तरी. मग दोन वर्षं सोल्डरिंग करताना बोटं भाजून घेतली, मार्क खरंच पडले, आणि ॲडमिशन मिळाली मेकॅनिकलला! म्हणजे ज्याच्यासाठी आवडीचं सोडलं ते पुढे कुठे कामालाही आलं नाही. आता इथे एपी सायकॉलॉजी "इझी एपी आहे" असं कोणी म्हणालं की मला तो सोल्डरचा वास येतो.

आता बाबांच्या हिशोबातली मेख सांगते (त्यांना वाचून दाखव हवं तर, रागावणार नाहीत). कॉलेजवाले एपी नुसत्या मोजत बसत नाहीत. कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकत्र करायच्या त्या अर्जात, तुमच्या काउन्सेलरला एक फॉर्म भरावा लागतो, त्यात शाळेतल्या बाकीच्या मुलांच्या तुलनेत तुझा अभ्यासक्रम किती कठीण होता ते विचारतात, आणि उत्तराला टिक करायचे चौकोन असतात, अगदी सर्वात कठीण, खूप कठीण, कठीण, साधारण असे उतरत जाणारे. शिवाय शाळा आपलं प्रोफाइल जोडते, त्यात शाळेत किती एपी शिकवतात वगैरे सगळं असतं. म्हणजे तुझी तुलना होते ती तुझ्याच शाळेत काय मिळत होतं त्याच्याशी, कॅलिफोर्नियातल्या कुठल्यातरी मावसभावाच्या १४ एपींशी नाही. म्हणून काउन्सेलरकडे गेलीस की सरळ विचार, माझा हा प्लॅन असेल तर तुम्ही कुठल्या चौकोनात टिक कराल? कदाचित थेट सांगणार नाहीत, पण बोलण्यावरून अंदाज येतो. चार एपी आणि ऑर्केस्ट्रा घेऊनही तोच चौकोन मिळत असेल तर पाचवी कशासाठी?

आणि ते वेटेड जीपीए, म्हणजे कठीण कोर्सना जास्तीचे पॉइंट धरून काढलेली ग्रेडची सरासरी. बाबांनी एपीला एक पॉइंट जास्त धरलाय, ऑनर्सला (साध्यापेक्षा कठीण, पण एपी नसलेला वर्ग) अर्धा, ते तुमच्या शाळेपुरतं ठीक आहे. पण प्रत्येक शाळेचं गणित वेगळं असतं, त्यामुळे बरीच कॉलेजं तो आकडा बाजूला ठेवून आपलं आपलं मोजतात. यूसीवाले (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) बघ, दहावी-अकरावीचे ग्रेड धरतात आणि जास्तीचा पॉइंट देतात तो जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना, म्हणजे वर्षभराच्या ४ कोर्सना, बास. आणि तुझ्यासारख्या बाहेरच्या राज्यातल्या मुलांच्या शाळेतल्या ऑनर्सना तर काहीच जास्तीचं नाही, फक्त एपीला आणि आयबीला, म्हणजे एपीसारख्याच दुसऱ्या अभ्यासक्रमाला. एक्सेलमध्ये हे कुठल्या कॉलममध्ये बसवणार?

बरं, बीसी की एबी. बीसीमध्ये एबीचं सगळं असतंच, वर सिरीज, पॅरामेट्रिक, पोलर वगैरे, म्हणजे साधारण कॉलेजच्या दोन सेमिस्टरचं कॅल्क्युलस एका वर्षात. तुमच्याकडे प्रीकॅल्कनंतर (कॅल्क्युलसच्या आधीचा कोर्स) थेट बीसी घेता येतं म्हणालीस. बाबा म्हणतायत की बीसीच्या परीक्षेत इतक्या मुलांना ५, म्हणजे सगळ्यात वरचा स्कोअर, मिळतात म्हणजे सोपीच असणार. अगं, तिथे बसतात ती मुलं कोण असतात ते बघ ना! आधीच गणितात तयार असलेली. पोहायच्या शर्यतीत सगळे नीट पोहताना दिसतात म्हणून पाणी उथळ असतं का.

तुला प्रीकॅल्कमध्ये पहिल्या क्वार्टरला सी प्लस होता आणि दुसऱ्याला ए मायनस. मधे काय झालं? हे मला खरंच माहीत करून घ्यायचंय. ट्रिग समजायला लागलं म्हणून वर आलीस की टीचरने रीटेक दिल्या म्हणून? पहिलं असेल तर बीसी घे, वेग झेपेल तुला. दुसरं असेल तर एबी घे आणि सिनिअर इयरला (बारावीला) बीसी कर, त्यात कमीपणा काही नाही. एक सोपा उपाय सांगू? आत्ता बीसीला असलेल्या एखाद्या मुलीला गाठ आणि तिच्या एका आठवड्याच्या होमवर्कचे फोटो माग. तिला किती वेळ लागला तेही विचार, आणि खरं सांग म्हणावं.

फिजिक्स १ ठीक आहे, त्यात कॅल्क्युलस लागत नाही, आणि इंजिनिअरिंगचं डोक्यात असेल तर सिनिअर इयरला फिजिक्स सी घेता येईल, त्याला कॅल्क्युलस लागतं, तोवर तुझं ते सुरू झालेलं असेल. इथे मला काही शंका नाही.

खरी शंका एपुश आणि लँग एकाच वर्षी घेण्याची आहे, कारण ते मी घरात पाहिलंय. थोरल्याने ज्युनिअर इयरला पाच घेतल्या होत्या, आमच्याच आग्रहाने, खोटं कशाला बोलू. ऑक्टोबरमधला एक मंगळवार आठवतो, रात्रीचे पावणेबारा, मी पाणी प्यायला उठले तर हा किचन टेबलवर. समोर एपुशचा डीबीक्यू, म्हणजे सात डॉक्युमेंट्स वाचायची आणि त्यांच्या आधाराने मुद्दा मांडून निबंध लिहायचा, परीक्षेत त्याला एक तास असतो. याला तीन तास झाले होते. मी वाकून बघितलं तर सातही कागद वरपासून खालपर्यंत पिवळ्या हायलायटरने रंगवलेले, एक ओळ कोरी नाही, आणि निबंधाचं एकच वाक्य लिहिलेलं. शेजारी लँगचं पुस्तक पालथं. मी म्हटलं झोप आता, तर म्हणाला, "आई, यातलं महत्त्वाचं काय तेच कळत नाहीये." कागदांबद्दल म्हणत होता की सगळ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. जानेवारीत केमिस्ट्रीचा ग्रेड सी वर आला तेव्हा काउन्सेलरकडे गेलो, तर कोर्स सोडायची तारीख कधीच उलटून गेली होती. तुमच्या शाळेत ती तारीख कधी असते ते आत्ताच विचारून ठेव.

तुझं वाचन मराठीत जोरात आहे पण इंग्लिश पानं तू हळू वाचतेस, तूच म्हणालीस, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही, तीनच वर्षं झालीत. पण एपुश आणि लँग दोन्ही वाचण्याचे विषय आहेत. मी असते तर यातली एकच घेतली असती. लँग घेऊन हिस्टरी ऑनर्स, असं मला वाटतं, कारण निबंध लिहायची सवय कुठेही गेलीस तरी लागणार, कॉलेजच्या ॲप्लिकेशनलासुद्धा. पण तुला इतिहासाचं वेड आहे हेही मला माहितीये, गणपतीत त्या आजोबांशी पानिपतावरून तासभर भांडत होतीस. मग उलटं कर, एपुश घे आणि इंग्लिश ऑनर्स. इथे मी हट्ट धरणार नाही. वेड असेल तर पानं आपोआप उलटतात.

क्रेडिट मिळून कॉलेजचा खर्च वाचेल हा बाबांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही हं. इलिनॉयमध्ये कायद्यानेच सरकारी युनिव्हर्सिट्यांना ३ किंवा वर स्कोअरला क्रेडिट द्यावं लागतं. एमआयटी बीसीच्या ५ ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते. पण कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही, ब्राउनमध्ये ते डिग्रीत धरत नाहीत. म्हणजे कुठे जाणार त्यावर आहे, आणि ते तुला दोन वर्षांनी कळणार. आणि मिळालं तरी ते वापरावंच असं नाही. आमच्याने बीसीचं क्रेडिट घेऊन पहिल्याच सेमिस्टरला थेट मल्टीव्हेरिएबलला उडी मारली आणि थँक्सगिव्हिंगला घरी आला तेव्हा वजन कमी झालं होतं. दुसरं म्हणजे परीक्षा मे मध्ये, स्कोअर जुलैत, त्यामुळे सिनिअर इयरच्या परीक्षांचे स्कोअर ॲडमिशनचा निकाल लागून गेल्यावर येतात. तिथे उपयोगी पडतो तो वर्गातला ग्रेड.

राहिला ऑर्केस्ट्रा. तू मेसेजमध्ये त्याबद्दल एकच ओळ लिहिलीस, "ऑर्केस्ट्रा जाईल पण ठीक आहे." ते "ठीक आहे" मला काही ठीक वाटलं नाही. दुपारी जेवणानंतरचा तो तास तुझा सगळ्या दिवसातला एकमेव असा आहे जिथे कोणी तुला ग्रेड विचारत नाही, असं तूच मला दिवाळीत सांगितलं होतंस, भांडी पुसता पुसता. शिवाय सेकंड व्हायोलिनला मागच्या खुर्चीवरून तू पुढे आलीस ते तीन वर्षं टिकून, ही गोष्ट एखाद्या पाचव्या एपीपेक्षा मला जास्त बोलकी वाटते, आणि वाचणाऱ्यालाही वाटेल अशी आशा. सायकॉलॉजी वाईट विषय नाही, आवडत असेल तर सिनिअर इयरला घे की.

बाबांना सांग एक्सेल मला पाठवायला. मला एक संशय आहे. ऑर्केस्ट्राला तुमच्याकडे वेटेज नाही, त्यामुळे त्यात ए मिळाला तरी चारच धरले जातात आणि वेटेड सरासरी खाली येते, म्हणून तो रकाना लाल झाला असणार. तो एक रकाना काढून बाकीची बेरीज करून बघते किती फरक पडतो ते. दुसऱ्या दशांशात पडत असेल. रविवारी दुपारी या तुम्ही सगळे, प्रीकॅल्कची वही आण सोबत, पहिल्या क्वार्टरची पण.

काकू