जुन्या शहरांच्या वास्तूंवर तिथल्या समाजाची छाप कितपत असते?

तुमचा प्रश्न आहे की जुन्या गावाचं रूप राजे ठरवतात की तिथं राहणारी माणसं. मी बेळगावचा, म्हणून आमच्याच भागातलं सांगतो.

राजांचं काम बघायचं तर किल्ल्यात जा. रट्ट राजघराण्याचा अधिकारी बिचीराज यानं 1204 मध्ये कमल बस्ती (जैन मंदिर) बांधली. तिच्या छतातलं दगडी कमळ मान वर करून कितीही वेळ बघत राहावं. जवळच विजापूरच्या आदिलशाहीतला सरदार असदखान लारी याची सफा मशीद आहे, सोळाव्या शतकातली. तिला जुन्या देवळांचे कोरीव खांब वापरलेत, आणि काहींवर कन्नड शिलालेख अजून वाचता येतात.

पण समाजाचा हात बघायचा असेल तर किल्ल्याबाहेर यायला हवं. शहापूर हे सांगली संस्थानचं, विणकरांचं गाव. तिथल्या जुन्या घरांत मागाची जागा आधी ठरायची, माणसांची सोय तिच्याभोवती.

आणि बेळगाव-खानापूर भागातल्या खेड्यांत लक्ष्मीची यात्रा. दरवर्षीची नव्हे, कुठं पाच वर्षांनी, कुठं एवढ्या वर्षांनी की मधे एक पिढी म्हातारी होते. देवी गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या तिच्या आसनावर, बसते ती जागा एरवी मोकळीच असते. ऐन गावात, सोन्याच्या भावाची, तरी तिथं कुणी गोठासुद्धा घालत नाही. रथ ज्या गल्लीतून जातो तिथं सोप्याचा कट्टा पुढं सरकवायची कुणाची छाती होत नाही. पंच लगेच दारात उभे राहतात. नकाशा नाही, कायदा नाही, तरी गल्लीची रुंदी आजोबांच्या वेळची तशीच. माझ्या मते आमचा सगळ्यात मोठा वारसा ही न बांधलेली जागा आहे, आणि वारशाच्या कुठल्या यादीत ती सापडायची नाही.

याला दुसरी बाजूही आहे, आणि ती मला फार लागते. यात्रा ठरली की घरोघरी डागडुजी निघते, कारण पै-पाहुणे येणार. पूर्वी कौलं परतायची, भिंती सारवायच्या, की झालं. आता त्याच निमित्तानं कर्ज काढून जुनं घर पाडतात आणि स्लॅब घालतात. सागवानी खांब जुन्या बाजारात जातात. ज्या चालीनं घरं टिकवली तीच आता ती पाडते आहे. घरमालकाला दोष कसा द्यायचा? गळक्या छपराखाली पाहुण्यांना जेवायला कोण बसवेल?

अभ्यासासाठी येणार असाल तर यात्रेच्या आदल्या वर्षी या. पंचांची बैठक बसते, वर्गणी ठरते, कुठल्या घराला काय करायचं ते उघड बोललं जातं. गावचे सुतार-गवंडी तेव्हा हमखास भेटतात; जुनी घरं कशी उभी राहिली हे त्यांनाच विचारा.