सोलर 3 किलोवॉटचं घ्यावं का? बिलावरचे युनिट, मंजूर भार आणि नेट मीटर यांचा मेळ कसा लावायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: महावितरणच्या बिलावर मंजूर भार 3 किलोवॉट आहे, वापर महिन्याला सरासरी 250 युनिट आहे, सोलरवाला 3 किलोवॉटच घ्या म्हणतो. आणि लाइट गेली तर घर चालेल का?

किलोवॉट म्हणजे एका क्षणाचा जोर आणि युनिट म्हणजे तो जोर किती तास लावला त्याचा हिशेब. 2 किलोवॉटचा गिझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धा युनिट जातो. 75 वॉटचा पंखा दिवसरात्र चालला तर 1.8 युनिट. मंजूर भार फक्त एवढंच सांगतो की एका वेळी किती वीज ओढायला तुम्हाला परवानगी आहे. त्यावरून महिन्याचा वापर कळत नाही, म्हणून सोलरचा आकार त्यावरून ठरवू नका. गेल्या बारा महिन्यांचे युनिट बेरजेला घ्या.

पॅनेलवर लिहिलेले वॉट 25 अंश तापमानाला मोजलेले असतात. मे महिन्यात छतावरचं पॅनेल 60 अंशांच्या पुढे जातं, आणि दर अंशाला साधारण 0.35 टक्के उत्पादन घटतं. म्हणजे उष्णतेपायीच बारा टक्के गेले. सगळी घट धरून 1 किलोवॉटमागे वर्षाच्या सरासरीने रोज 4 युनिट धरा, महिन्याला 120. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आकडा बराच खाली येतो. तुमच्या 250 युनिटला 2 किलोवॉट जवळपास पुरतं.

मग 3 चा आग्रह का? पीएम सूर्यघर या घरच्या छतावरील सोलरसाठीच्या केंद्राच्या योजनेत 2 किलोवॉटला 60,000 आणि 3 किंवा त्याहून जास्तला 78,000 रुपये अनुदान आहे. तिसऱ्या किलोवॉटला 18,000च मिळतात, खर्च मात्र जवळपास पूर्ण एका किलोवॉटचा होतो. जादा तयार झालेले युनिट पुढच्या महिन्यांत वळते होतात, पण 31 मार्चला उरलेल्यांचा हिशेब तुमच्या स्लॅबच्या दरापेक्षा बऱ्याच कमी दराने होतो. वर्षभरात एसी घ्यायचा असेल तरच 3 घ्या. आणि बिल शून्य होणार नाही, स्थिर आकार द्यावाच लागतो.

सगळ्यात जास्त गैरसमज नेट मीटरवर होतात, म्हणजे महावितरणच्या तारांतून (ग्रिडमधून) घरात आलेली आणि घरातून बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणाऱ्या मीटरवर. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या सोलर इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर दिवसाला 12 युनिट दिसतात आणि मीटरवर बाहेर गेलेले 7च. बाकीचे 5 कुठे गेले? ते घरातल्या फ्रिज, पंख्यांनी दुपारीच खाल्ले. मीटरपर्यंत ते पोहोचतच नाहीत, म्हणून तिथे नोंदही होत नाही. त्या दिवशी ग्रिडमधून 4 युनिट आत आले असतील तर घराचा खरा वापर 12 अधिक 4 वजा 7, म्हणजे 9 युनिट. बिलावर मात्र 4 आणि 7 एवढेच दिसणार. तक्रार करण्याआधी हे गणित करून पाहा.

लाइट गेली तर? साधा ऑनग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला सोलर इन्व्हर्टर लगेच बंद पडतो, भर उन्हातही. हा दोष नाही. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज लागू नये म्हणून ती व्यवस्था केलेली असते. लोडशेडिंग होत असेल तर हायब्रिड, म्हणजे ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं सोलर घ्यावं लागेल. 12 व्होल्ट, 150 एएचच्या (अँपिअर-तास, बॅटरीची क्षमता) लेड-अ‍ॅसिड बॅटरीत कागदावर 1.8 युनिट मावतात, पण निम्म्याखाली उतरवली तर ती लवकर खराब होते. हाती येतो जेमतेम 0.9 युनिट: चार साधे पंखे तीन तास, बस्स.

करार करण्याआधी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 ला छतावर जाऊन टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली कुठे पडते ते बघा. पॅनेल एकामागोमाग जोडलेली असतात, एकावर सावली आली की पूर्ण ओळीवर परिणाम होऊ शकतो. अर्थिंगही विचारा: पॅनेलच्या बाजूचं (डीसी), घराच्या वायरिंगच्या बाजूचं (एसी करंट) आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचं वेगवेगळं हवं.

आणि हो, आधी पंखे बदला. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा, साधारण 30 वॉट घेतो. चार पंखे रोज 12 तास चालले तर महिन्याला 65 युनिट वाचतात, म्हणजे अर्ध्या किलोवॉट सोलरएवढे, तेही अर्ज-परवानगीशिवाय. तेवढं केलंत तर 250 चे 185 होतील आणि 1.5 किलोवॉटसुद्धा जवळपास पुरेल.