जिमी ग्रीव्हजची ओळख एका हुकलेल्या सामन्यापुरती ठेवू नये

१९६६ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना हुकला म्हणून इंग्लंडचा आघाडीपटू जिमी ग्रीव्हज दारूच्या आहारी गेला का, तेव्हाचा इंग्लंडचा व्यवस्थापक आल्फ रॅम्सेने त्याच्यावर अन्याय केला का, आणि ॲलन शिअरर किंवा हॅरी केन या नंतरच्या इंग्लिश स्ट्रायकरांच्या शेजारी त्याला कुठे बसवायचे, असे तीन प्रश्न तुम्ही एका दमात विचारले आहेत. पहिल्या दोन्ही प्रश्नांना माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तिसऱ्याबद्दल एवढेच म्हणतो की गोल करणे या एकाच कामाचा विचार केला, तर इंग्लंडमध्ये त्याच्या तोडीचा स्ट्रायकर झाला नाही असे मी मानतो. मात्र हे पटायचे असेल तर गोष्ट १९६६ पासून सुरू करून चालत नाही. बहुतेक लेखांची सुरुवात तिथूनच होते आणि त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात तेजस्वी भाग झाकला जातो.

ग्रीव्हजचा जन्म २० फेब्रुवारी १९४० रोजी पूर्व लंडनमधील मॅनर पार्क येथे झाला. ऑगस्ट १९५७ मध्ये, सतराव्या वर्षी, तो लंडनच्या चेल्सी क्लबकडून पहिला लीग सामना खेळला. तो टॉटनहॅमच्या मैदानावर होता आणि त्यात त्याने गोल केला. पदार्पणात गोल करणे ही पुढे त्याची रीतच झाली. मे १९५९ मध्ये लिमा येथे पेरूविरुद्ध इंग्लंड ४-१ असे हरले, त्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सामन्यातला इंग्लंडचा एकमेव गोल त्याचा होता. मिलानकडून, टॉटनहॅमकडून आणि अगदी शेवटी उतरणीला लागल्यावर वेस्ट हॅमकडूनही त्याने पहिल्याच सामन्यात गोल केले. विशीतच त्याचे शंभर लीग गोल पूर्ण झाले. १९६०-६१ च्या हंगामात त्याने चेल्सीसाठी ४१ लीग गोल केले, आणि तेही संघ गुणतक्त्यात बाराव्या क्रमांकावर असताना. चेल्सीची बचावफळी त्या काळात इतकी ठिसूळ होती की त्याने तीन गोल करूनही सामना जिंकल्याची खात्री नसे. त्याच्या चेल्सीतील शेवटच्या सामन्यात नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध निकाल ४-३ लागला आणि चेल्सीचे चारही गोल ग्रीव्हजचे होते.

आता त्याच्या हातोटीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आकडे सगळीकडे मिळतात, पण तो गोल करत असे कसा हे कोणी फारसे सांगत नाही. त्याची उंची बेताची, अंगकाठी हलकी, आणि हवेतल्या चेंडूवर त्याची भिस्त अजिबात नव्हती. जोरदार फटका हेही त्याचे अस्त्र नव्हते. गोलरक्षकासमोर एकट्याने आल्यावर बहुतेक आघाडीपटूंचा श्वास वाढतो, पाय घाई करतो आणि चेंडू गोलरक्षकाच्या अंगावर जातो. ग्रीव्हज त्या क्षणी उलट मंदावत असे. गोलरक्षक कोणत्या पायावर भार देतो हे पाहून, पत्र टपालपेटीत टाकावे तितक्या सहजतेने, तो चेंडू मोकळ्या कोपऱ्यात सरकवत असे. ऑक्टोबर १९६५ मध्ये टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला ५-१ असे हरवले, त्या सामन्यातील त्याचा गोल चित्रफितीत उपलब्ध आहे. गोलकडे पाठ असताना त्याला चेंडू मिळतो, एका वळणात तो अंगावरचा बचावपटू मागे टाकतो, पुढे येणाऱ्यांच्या मधून वाट काढतो, गोलरक्षकालाही चकवतो आणि मग चेंडू जाळ्यात ढकलतो. त्या काळच्या चिखलाने भरलेल्या मैदानांवर, जड चेंडूने, आणि मागून पायात पाय घालणाऱ्या बचावपटूंना पंच सहसा काही बोलत नसत अशा दिवसांत हे चालले होते, ही गोष्ट ती चित्रफीत पाहताना ध्यानात ठेवावी.

पैशाची बाजूही समजून घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळाडूच्या पगाराला आठवड्याला २० पौंडांची कमाल मर्यादा होती. मैदानावर चाळीस-पन्नास हजार प्रेक्षक तिकीट काढून येत आणि ज्याला पाहायला ते येत त्याच्या हातात एवढीच रक्कम पडे. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिल यांच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केल्यावर जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली. त्याच वर्षी ग्रीव्हज इटलीत एसी मिलानकडे गेला. तिथला प्रशिक्षक नेरेओ रोक्को याची शिस्त कडक होती. सामन्याच्या आधी खेळाडूंना दिवसेंदिवस शिबिरात ठेवले जाई, आणि मोकळ्या स्वभावाच्या या लंडनकराला ते कोंडवाड्यासारखे वाटू लागले. तरीही त्याने ९ लीग गोल केले आणि त्या हंगामात मिलान विजेता ठरला. त्याचे मन मात्र तिथे रमले नाही. डिसेंबर १९६१ मध्ये टॉटनहॅमचे व्यवस्थापक बिल निकोल्सन यांनी त्याला ९९,९९९ पौंडांना परत आणले. ब्रिटिश क्लबने एक लाख पौंडांना घेतलेला पहिला खेळाडू हे ओझे पोराच्या खांद्यावर नको, म्हणून एक पौंड कमी ठेवला गेला. निकोल्सन यांचा हा समंजसपणा मला फार मोलाचा वाटतो. ब्लॅकपूलविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात ग्रीव्हजने हॅटट्रिक, म्हणजे तीन गोल, केली.

टॉटनहॅममधील त्याची पहिली वर्षे सुखाची होती. १९६२ च्या एफए कप या इंग्लंडमधील बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात बर्नलीविरुद्ध त्याने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. मे १९६३ मध्ये रॉटरडॅम येथे कप विनर्स कप या चषकविजेत्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ॲटलेटिको माद्रिदला टॉटनहॅमने ५-१ असे हरवले, त्यातले दोन गोल त्याचे होते, आणि युरोपीय चषक जिंकणारा तो पहिला ब्रिटिश क्लब ठरला. प्रथम विभागात, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च श्रेणीत, सर्वाधिक गोल करण्याचा मान त्याने एकूण सहा हंगामांत मिळवला. १९६२ च्या चिली विश्वचषकातील ब्राझीलविरुद्धच्या सामन्यातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा. मैदानात घुसलेले एक कुत्रे कोणाच्याच हाती लागेना, तेव्हा ग्रीव्हज हात-गुडघ्यांवर बसला आणि त्याने ते अलगद पकडले. कुत्र्याने लघवी करून त्याचा शर्ट भिजवून ठेवला आणि उरलेला सामना तो तसाच खेळला.

१९६५ च्या अखेरीस त्याला कावीळ झाली आणि काही महिने तो खेळाबाहेर राहिला. १९६६ समजून घेताना लोक हा आजार विसरतात. पहिल्या दोन पावलांचा झपाटा हे ज्याचे भांडवल, त्याला असा आजार महागात पडतो. ग्रीव्हजने स्वतःही पुढे मान्य केले होते की तो झपाटा पूर्णपणे परत आला नाही. तरी जून १९६६ मध्ये ओस्लो येथे नॉर्वेविरुद्ध त्याने चार गोल केले, त्यामुळे विश्वचषकात संघात त्याची जागा पक्की होती. उरुग्वेशी गोलशून्य बरोबरी, मेक्सिकोवर २-० असा विजय आणि २० जुलैला फ्रान्सवर २-० असा विजय, या तिन्ही साखळी सामन्यांत तो खेळला, पण त्याला गोल करता आला नाही. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या बुटाने त्याची नडगी फाटली आणि चौदा टाके घालावे लागले.

त्याच्या जागी जेफ हर्स्ट आला. अर्जेंटिनाविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यातील एकमेव गोल हर्स्टने डोक्याने मारला आणि उपांत्य फेरीत पोर्तुगालला हरवतानाही संघ तोच राहिला. अंतिम सामन्यापर्यंत ग्रीव्हज खेळण्याजोगा झाला होता, हे खरे आहे. पण रॅम्सेच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडूची मुभाच नव्हती. ती १९७० मध्ये मिळाली. नुकतीच भरत आलेली जखम पुन्हा उसवली असती, तर इंग्लंडला उरलेला वेळ दहा जणांनी खेळावे लागले असते. शिवाय रॅम्सेची रचना अशी होती की आघाडीच्या खेळाडूने बचावपटूंशी भिडावे, मागे येऊन चेंडू घ्यावा आणि हवेतही झुंजावे, आणि हर्स्ट नेमका तसा होता. अंतिम सामन्यात जर्मनीने आघाडी घेतल्यावर कर्णधार बॉबी मूरने झटपट घेतलेली फ्री किक हर्स्टने डोक्याने जाळ्यात घातली. वेस्ट हॅममध्ये दोघांनी रोज एकत्र सराव केल्याशिवाय असा गोल होत नाही. हर्स्टने पुढे आणखी दोन गोल केले, इंग्लंड ४-२ असे जिंकले आणि तो वाद निकालाने मिटवला. रॅम्सेचा निर्णय ग्रीव्हजसाठी क्रूर होता, पण तो चुकीचा नव्हता, आणि या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

अकरा जणांनाच पदक देण्याची पद्धत असल्यामुळे ग्रीव्हजला तेव्हा काहीच मिळाले नाही. संघातील उरलेल्या खेळाडूंची पदके २००९ मध्ये, म्हणजे ४३ वर्षांनी देण्यात आली. रॅम्सेने नंतरही त्याला तीन सामन्यांत खेळवले. मे १९६७ मध्ये व्हिएन्ना येथील सामना त्याचा इंग्लंडकडून शेवटचा ठरला. ५७ सामने, ४४ गोल, सहा हॅटट्रिक, आणि वय अवघे २७.

आता दारूबद्दल. इंग्लिश फुटबॉलमध्ये तेव्हा सरावानंतर पबमध्ये बसणे हा दिनक्रमाचाच भाग होता आणि ग्रीव्हज त्यात आधीपासून होता. १९६० मध्ये त्याचा पहिला मुलगा तान्हा असतानाच गेला. या दुःखापुढे कोणताही सामना मोठा नसतो, हे वेगळे सांगायला नको. तरी त्याचे पिणे हाताबाहेर गेले ते १९७० च्या पुढे. त्या वर्षी वेस्ट हॅमच्या मार्टिन पीटर्सला घेण्याच्या व्यवहारात टॉटनहॅमने त्याला वेस्ट हॅमकडे धाडले, तिथे त्याचे मन लागले नाही, आणि १९७१ मध्ये एकतिसाव्या वर्षी त्याने व्यावसायिक खेळ सोडला. लहानपणापासून आठवडा ज्या शनिवारभोवती बांधलेला असतो तो शनिवारच नाहीसा झाल्यावर माणसाचे काय होते, याची तेव्हाच्या क्लबांना फिकीर नव्हती. विश्वचषक हुकला म्हणून आपण प्यायला लागलो, ही समजूत त्याने स्वतः खोडून काढली होती, आणि त्याच्या शब्दाला आपण मान द्यायला हवा. १९७८ मध्ये त्याने दारू कायमची सोडली, आणि ज्या काळात खेळाडू व्यसनाबद्दल चकार शब्द काढत नसत त्या काळात तो त्यावर उघडपणे बोलला आणि लिहिला. मला हे त्याच्या कोणत्याही गोलपेक्षा कमी धैर्याचे वाटत नाही. पुढे माजी फुटबॉलपटू इयान सेंट जॉनबरोबर त्याने दूरचित्रवाणीवर जो कार्यक्रम केला, त्यामुळे एका संपूर्ण पिढीला तो फक्त मिश्यांवाला, हसवणारा गृहस्थ म्हणून ठाऊक झाला.

तुलनेचा प्रश्न उरतो. टॉटनहॅमसाठी त्याचे एकूण २६६ गोल होते आणि केनने तो विक्रम फेब्रुवारी २०२३ मध्ये मोडला. इंग्लंडसाठीही केन त्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. केनचा खेळ अधिक व्यापक आहे, तो मागे येऊन पास देतो, हे मी मोकळ्या मनाने मान्य करतो. शिअररचे २६० गोल मात्र प्रीमियर लीगचे आहेत, आणि इथेच वाचकांची फसगत होते, कारण प्रीमियर लीगचे आकडे १९९२ पासून मोजले जातात आणि त्याआधीची सर्वोच्च श्रेणी जणू अस्तित्वातच नव्हती असे तक्ते छापले जातात. चेल्सीचे १२४, टॉटनहॅमचे २२० आणि वेस्ट हॅमचे १३ मिळून ग्रीव्हजचे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत ५१६ सामन्यांत ३५७ लीग गोल होतात. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. तेव्हा पुढच्या वेळी सर्वाधिक गोलांचा तक्ता समोर आला, तर आधी तो कोणत्या वर्षापासून सुरू होतो ते तपासा, आणि तुलना करायचीच असेल तर शिअररचे १९९२ पूर्वीचे लीग गोलही त्याच्या खात्यात धरून करा.