वाचकांचे प्रश्न : मोबाइलमधला पुरावा आणि चॅटबॉटने शोधलेला निवाडा

प्रश्न : धरमपेठेतल्या भाड्याच्या घराचे 60 हजारांचे डिपॉझिट ‘पुढच्या महिन्यात देतो’ असे घरमालकांनी व्हॉट्सॲपवर लिहिले होते. आता ते कानावर हात ठेवतात. स्क्रीनशॉटच्या प्रिंट कोर्टात चालतील का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : नुसत्या प्रिंटवर विसंबू नका. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रिंट, पेनड्राइव्ह, सीडी अशा प्रतींसोबत प्रमाणपत्र लागते. जुन्या कायद्यात हेच कलम 65-ब होते. नव्या नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग अ तुम्ही भरायचा आणि भाग ब तज्ज्ञाने. फोनचा मेक, मॉडेल, रंग, अनुक्रमांक आणि आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख क्रमांक त्यात येतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल केले की 15 अंकी आयएमईआय पडद्यावर दिसतो.

सर्वांत महत्त्वाचा तो फोन. तो विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फॅक्टरी रीसेट करू नका. मूळ फोनच कोर्टापुढे ठेवून तो आपला आहे आणि आपणच वापरतो हे साक्षीत सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोतकर विरुद्ध गोरंट्याल या निवाड्यात म्हटले आहे. प्रकरण आपल्याच राज्यातले, जालन्याच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीचे. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. ज्याने हाती होते ते सगळे केले, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा नको, ही न्यायालयाची भूमिका होती. म्हणून पुरावा दुसऱ्याकडे असेल तर प्रमाणपत्र लेखी मागा, पोच जपा आणि तरीही मिळाले नाही तर कोर्टाकडे अर्ज करा.

आज घरी बसून करण्यासारखी कामे अशी. त्या चॅटमधले ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ बंद करा. मग ‘एक्स्पोर्ट चॅट’ करा. एक्स्पोर्टमध्ये तुम्ही सेव्ह केलेले नाव येते, नंबर येत नाही. घरमालकांच्या प्रोफाइलवरचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट वेगळा काढा. सोयीची चार वाक्ये निवडू नका, संभाषण अथपासून इतिपर्यंत ठेवा. मधले गाळलेले वाक्य समोरचा वकील उलटतपासणीत नेमके बाहेर काढतो.

प्रमाणपत्रात हॅश मूल्यही लागते, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखा अंक-अक्षरांचा संकेत. हे फाइलच्या मजकुरावरून गणिताने निघते. शा-256 (SHA-256) या हॅश काढण्याच्या पद्धतीत ते 64 अक्षरांचे असते. फाइलचे नाव बदलले किंवा ती जशीच्या तशी कॉपी केली तर हॅश तोच राहतो. आत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी तो पार वेगळा येतो. इथेच बहुतेकांचे चुकते : वकिलांना फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला जातो, ॲप तो आकुंचित करते आणि हॅश जुळत नाही. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्हवर द्या. एक्स्पोर्ट झालेली मजकूर-फाइल कोणीही बदलू शकतो हे न्यायाधीशांनाही ठाऊक असते. मूळ फोन हाताशी ठेवायचा तो त्यासाठीच.

प्रश्न : चॅटबॉटने दिलेले निवाडे युक्तिवादात वापरावेत का?
— एक नवोदित वकील, महाल

उत्तर : मूळ निवाडा उघडून वाचल्याशिवाय एकही नको. चॅटबॉट पुढचा शोभेलसा शब्द जुळवतो. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ हे नाव, साल आणि पान त्याला सहज रचता येते. इंटरनेट शोधाची जोड असली तरी खऱ्या निवाड्याच्या तोंडी खोटे वाक्य घातले जाऊ शकते. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने 2023 मध्ये अशा अस्तित्वात नसलेल्या निवाड्यांसाठी वकिलांना 5,000 डॉलर दंड केला.

तपासायला न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयाने स्वतःच निवाड्याला दिलेला ओळख क्रमांक, उपयोगी पडतो. नागपूर खंडपीठाच्या निवाड्यात सालानंतर ‘बीएचसी-एनएजी’ आणि क्रमांक असतो. तो उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. सर्वोच्च न्यायालयासाठी ई-एससीआर हा त्याच्या निवाड्यांचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे. निवाडा सापडला एवढ्यावर थांबू नका. परिच्छेद वाचा, आणि ते वाक्य न्यायालयाचे आहे की वकिलाचा नोंदवलेला युक्तिवाद, हे बघा. कलमेही ताडून पाहा : फसवणुकीचे भादंवि 420 आता भारतीय न्याय संहितेत 318(4) आहे, पण 1 जुलै 2024 पूर्वीच्या गुन्ह्याला जुनेच कलम लागते. चॅटबॉट इथे सर्रास गल्लत करतो.

अशिलाचे नाव, सात-बारा, वैद्यकीय कागद सार्वजनिक चॅटबॉटमध्ये टाकू नका. अशिलाने विश्वासाने सांगितलेले जपण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने तुमच्यावर आहे.

प्रश्न : वडिलांच्या शेतीच्या दाव्याचा उच्च न्यायालयाचा निकाल मोबाइलवर मराठीत भाषांतर करून वाचला. ‘कोठडीत पाठवले’ असे दिसते. दिवाणी दाव्यात कोठडी कशी?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कोठडी नाही, घाबरू नका. मूळ शब्द ‘रिमांड’ असणार. दिवाणी निकालात त्याचा अर्थ प्रकरण फेरनिर्णयासाठी खालच्या कोर्टाकडे परत पाठवले, असा होतो. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे रजा मंजूर नव्हे, परवानगी दिली. ‘विदाउट प्रेज्युडिस’ म्हणजे हक्कांना बाध न येता. सर्वोच्च न्यायालय स्वतःचे निवाडे मराठीत देते, तेव्हाही इंग्रजी पाठच अधिकृत असल्याचे त्यावर छापलेले असते. इंग्रजी निकालाचा शेवटचा, आदेशाचा परिच्छेद वकिलांकडून समजून घ्या आणि खालच्या कोर्टात हजर राहायची तारीख त्यात दिली आहे का, ते आधी पाहा. ती चुकली तर दावा तुमच्या गैरहजेरीत पुढे सरकेल.