टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो पण सॉकेट बंद, असं का?

तुम्ही लिहिलंय की एका खोलीतले तीन सॉकेट बंद, बाकी घर चालू, एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडलेला नाही आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो. म्हणजे फेज (करंट आणणारी वायर) ठीक आहे, न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) कुठेतरी तुटलाय. आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी नेमकं हेच झालं होतं, चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते, बोर्डातला स्क्रू गंजला आणि न्यूट्रलची वायर सैल होऊन काळी पडली.

दोन्हीकडे पेटतो कारण टीव्ही वगैरे काहीतरी लावलेलं आणि चालू असतं, त्याच्यातून फेज फिरून तुटलेल्या न्यूट्रलमध्ये येतो. म्हणून कृपा करून न्यूट्रलच तर आहे असं समजून त्या वायरीला हात लावू नका, तिच्यात आता 230 व्होल्ट असू शकतात!

आधी त्या खोलीतले सगळे प्लग काढा नि परत टेस्टर लावा, डाव्या भोकातला उजेड गेला किंवा अगदी मंद झाला तर न्यूट्रलच समजा. मग मेन बंद करा, इन्व्हर्टर असेल तर तोपण, नाहीतर मेन बंद असूनही त्याच्या लाइनीत करंट राहतो, आणि बोर्ड खोलल्यावर करंट नाही ना ते परत तपासा. सप्लाय एका बोर्डातून दुसऱ्या बोर्डात लूप करत जातो, त्यामुळे शेवटचा चालू बोर्ड आणि पहिला बंद बोर्ड हे दोनच आधी खोला, आमचा फॉल्ट चालू बोर्डात सापडला. काळी पडलेली वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा, सोलून टोक दुमडा, स्क्रू घट्ट आवळा आणि वायर ओढून बघा. सॉकेट करपला असेल तर नवीनच घाला.

एकाने आम्हाला सांगितलेलं, अर्थिंगची वायर न्यूट्रलला जोडा, पाच मिनिटांचं काम. हे अजिबात करू नका! आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर तो लगेच पडेल, नसेल आणि पुढे अर्थिंग कुठे तुटलं तर फ्रिजच्या पत्र्यालाच करंट येईल, घरात पोरं असतात हो.

दोन्ही बोर्ड चांगले निघाले तर वायर पाइपात तुटलीय, तेव्हा लायसनवाला वायरमन बोलवा आणि नवीन वायर ओढून घ्या.