वाचकांचे प्रश्न : फासे, पात्रं आणि वयं

प्रश्न : घरच्या घरी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (प्रत्येकानं एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) सुरू करतोय. डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, धरून पाच जण, वयं ११ ते ४६. हा खेळ नेमका कोणत्या वयाचा? एका टेबलावर जमेल का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : 'हा खेळ अमुक वयाचा' असं सांगणारे आकडे कुणाला विचारून काढलेत ते आधी बघावं. आता हा खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीची १९९९ची अमेरिकेतली खेळाडूंची पाहणी १२ ते ३५ वयापुरतीच होती. खेळ आला १९७४ साली. तेव्हाचा विशीतला खेळाडू पाहणीच्या वेळी ४५ वर्षांचा, म्हणजे मोजणीतच नाही! १९८१च्या बेसिक सेटवर (नवख्यांसाठीचा खोका) '१० वर्षांपुढे' होतं, २०१४च्या स्टार्टर सेटवर १२. तेव्हा ११ वर्षांच्या मुलाला खुशाल बसवा.

बिघडतं ते पाळीच्या वेळेवरून. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर एक फेरी दहा मिनिटांची, चार फेऱ्यांची लढाई चाळीस. त्यात मुलगा खेळणार आठ मिनिटं, बाकी ३२ मिनिटं नुसता बसून. मग तो मोबाइल काढणारच. इनिशिएटिव्हच्या (लढाईत कुणाची पाळी कधी, हे फाशावर ठरतं त्या) क्रमानेच बसा आणि एकाची पाळी सुरू झाली की पुढच्याला सावध करा. सेशन दोन तासांत आटपा.

पहिल्या लेव्हलला (पात्राची सुरुवातीची पायरी) मुलाला फायटर, म्हणजे लढवय्या, द्या, मंत्रांची यादी चाळणारा विझर्ड, म्हणजे जादूगार, मोठ्यांकडे. मुलाच्या कागदावर मराठीत दोनच ओळी लिहा : 'वीसचा फासा + ५ : वार लागला का? लागला तर आठचा फासा + ३.' (दुसरी बेरीज म्हणजे शत्रूला झालेली इजा. पात्राची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकद, १६ आणि हातात लाँगसोर्ड, म्हणजे लांब तलवार, असेल तर हे आकडे बरोबर.)

दुसरा धोका मोठ्यांच्या सल्ल्यांचा. 'अरे, तिकडे जा' म्हणत काका दोघांचं खेळतात. जुन्या नियमांत 'कॉलर' असायचा, गटाचा निर्णय डंजन मास्टरला सांगणारा. ते काम धाकट्याला द्या. आमच्या मते ही प्रथा उगाच मागे पडली.

प्रश्न : माझे ६८ वर्षांचे वडील खेळायला तयार आहेत, पण फासे दिसत नाहीत म्हणतात.
– एक वाचक, सातारा

उत्तर : चकाकते, नक्षीदार फासे टाळा, पांढऱ्यावर ठळक काळे आकडे घ्या, ६ आणि ९च्या खाली रेघ आहे का ते बघून. चारच्या फाशाचे दोन प्रकार मिळतात : एकात आकडा वरच्या टोकाशी वाचायचा, दुसऱ्यात खालच्या कडेशी. टेबलावर एकच प्रकार ठेवा, नाहीतर दर वेळी वाद. कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) ए-फोर असेल तर झेरॉक्सवाल्याला ए-थ्रीवर १४१ टक्के सांगा.