ताण न देता केलेल्या चाचणीत त्या भेगा येणारच नाहीत

तुम्ही पॉलिइथर युरेथेनच्या (शरीरात बसवायच्या उपकरणांसाठीचं लवचिक प्लास्टिक) सपाट पट्ट्या कित्येक आठवडे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवूनही पृष्ठभाग जरासा खडबडीत झाला, एवढंच. शरीरातून काढलेल्या त्याच पदार्थाच्या नळीवर मात्र खोल भेगा दिसल्या. द्रावण कमी तीव्र होतं का, असं तुम्ही विचारलंय. मी आधी ताणाकडे बघेन.

इम्प्लांटवर, म्हणजे शरीरात बसवलेल्या वस्तूवर, प्रथिनांचा थर बसतो, त्यावर मॅक्रोफेज (परकी वस्तू गिळणाऱ्या संरक्षक पेशी) चिकटतात. गिळता येत नाही म्हटल्यावर ते एकमेकांत मिसळून महाकाय पेशी बनतात. अशी पेशी पृष्ठभागाला पालथ्या वाटीसारखी चिकटते आणि खालच्या बंदिस्त फटीत आम्ल व ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू सोडते. बाहेरच्या द्रवाचा पीएच ७.४ असला तरी तिथे तो ४ च्या आसपास उतरू शकतो. हल्ला होतो इथरच्या ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवर. त्याचा हायड्रोजन निघाला की साखळी तुटते किंवा शेजारच्या साखळीला जोडली जाते, आणि वर पातळ, ठिसूळ कवच धरतं.

ताण नसेल तर गोष्ट खड्ड्यांवर थांबते. ताण असेल तर कवच तडकतं, भेगेच्या टोकाशी ताण एकवटतो, आतला ताजा पदार्थ उघडा पडतो. त्याचं ऑक्सिडेशन होतं, भेग आणखी आत सरकते. तुमची नळी सूक्ष्मदर्शकाखाली धरा: भेगा ताणाच्या दिशेला काटकोनात असतील.

१९८० च्या दशकात पेसमेकर लीडच्या, म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेच्या, पेलेथेन ८०ए (एक पॉलिइथर युरेथेन) आवरणाला अशाच भेगा गेल्या. लीड टाक्याने आवळून बांधतात ती जागा त्यात फार महत्त्वाची. शिवाय नळी बनवताना आत राहिलेला ताण असतोच. कमी इथर असलेला, जास्त कडक असा पेलेथेनचाच ५५डी प्रकार अधिक टिकला.

तेव्हा नळी ताणून दांड्यावर पक्की बसवा, आधी प्लाझ्मात (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात) ठेवा, मग ३७ अंश सेल्सिअसला २० टक्के पेरॉक्साइड आणि ०.१ मोलर कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात. प्लाझ्माची पायरी गाळू नका. त्यातलं अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन भेगा पडायला मदत करतं, आणि हे कळेपर्यंत प्रयोगशाळेत शरीरातल्यासारख्या भेगा नीट जमत नव्हत्या.

त्याआधी एक मात्र तपासा. नळी उभी चिरून आतली बाजू बघा. नळीत लीडसारखी तार असेल आणि भेगा आतून, तारेच्या बाजूने सुरू झाल्या असतील तर दोष पेशींचा नाही. तारेतल्या धातूचे आयन तिथे ऑक्सिडेशन घडवतात, आणि मग चाचणीही वेगळी लागेल.